चुकांपासून सुरू होणारा वर्ग

आमच्या सरांच्या स्कूटरला कुलूप नव्हतं आणि ते आम्हाला सिक्युरिटी शिकवत. कुलूप मोडलं होतं किंवा हरवलं होतं अशातला भाग नाही. त्यांनी ते स्वतःच्या हातानं काढून टाकलं होतं. पहिल्याच रविवारी वर्गातल्या एकानं, तो एका दवाखान्याचे संगणक सांभाळायचा, जरा खवचटपणे विचारलं, "सर, तुमचीच गाडी उघडी?" सर खिडकीशी गेले, खाली उभ्या स्कूटरकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "त्यात चोरण्यासारखं काय हाय ते तुमी सांगा की. मी चार वरसं झालं शोधालोय." मग फळ्याकडं वळले. "काय राखायचं हे ज्याला ठाऊक न्हाय, तो सगळ्यालाच कुलपं लावतो आनि किल्ल्या हरवून बसतो. झाला पयला धडा. चहा सांगा."

अक्कलकोट रोडला, एमआयडीसी लागायच्या अलीकडं एक पिठाची गिरणी आहे. तिच्या वरच्या खोलीत दर रविवारी दहा ते दोन हा वर्ग भरतो. बाहेर पाटी आहे, 'सर्व्हर नेटवर्किंग व सिक्युरिटी, प्रगत वर्ग'. खाली गिरणी सुरू झाली की वर खुर्च्या थरथरतात आणि बारा वाजेपर्यंत टेबलावर, लॅपटॉपवर, आमच्या भुवयांवर ज्वारीच्या पिठाचा पातळ थर बसतो. सरांना त्याचा काही त्रास नव्हता. उलट टेबलावरच्या पिठात बोटानं रेघा ओढून ते नेटवर्कचे नकाशे काढायचे. हा राउटर, हा स्विच, हितनं आत, तितनं भाईर. चुकलं की तळहातानं पुसायचं आणि नवीन काढायचं. फळ्यापेक्षा त्यांना पीठ सोयीचं वाटायचं.

आम्ही नऊ जण होतो. दवाखान्यातला, एका पतसंस्थेतला, दोघं कॉलेजांतले, बाकीचे कारखान्यांतले. बाई मी एकटीच. कुंभारीहून स्कूटीवर यायचे. नोकरी टॉवेलच्या कारखान्यात, लागले होते ती पॅकिंगची लेबलं टाइप करायला. बारा वर्षं तेच केलं. मग सर्व्हर बघणारा माणूस एक दिवस नोकरी सोडून गेला, आणि "मॅडमला येतो की कॉम्प्युटर" या एका वाक्यावर तो सर्व्हर माझ्या पदरात पडला. मालकांनी सहा महिन्यांची मुदत दिली. जमलं तर सिस्टिम अ‍ॅडमिन म्हणून कायम. नाही जमलं तर काम पुण्याच्या एका कंपनीकडं जाणार आणि मी परत लेबलांवर. मी तोवर घरीदारी, माहेरी, शेजारी सगळ्यांना सांगून बसले होते की आता मी लेबलवाली नाही. परत जायचं म्हणजे नाक कापून घेण्यासारखं होतं. म्हणून मी त्या वर्गात नाव घातलं.

सर टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. उंच, थोडे वाकलेले, कपाळाला विभूती, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर. घरी कन्नड, बाहेर सोलापुरी मराठी. आम्हा सगळ्यांना ते 'तुमी' म्हणायचे आणि मला, मी त्यांच्या मुलीच्या वयाची असूनही, 'अक्का'. मशीनशी बोलताना तर त्यांची आदब आणखी वाढायची. सर्व्हर सुरू व्हायला वेळ लागला की टेबलावर टेकून हळूच म्हणायचे, "अहो, उठा की आता, मंडळी बसल्यात." कुणी हसलं तर गंभीरपणे समजावायचे, "मानसाला अरेतुरे केलं तरी चालतं, ते आपलं काय ते समजून घेतं. मशीन समजून घेत न्हाय. जे बोललासा तेच करतं. म्हणून नीट बोलायचं."

त्यांच्या वर्गाची सुरुवात धड्यानं होत नसे, चुकांनी होत असे. दहा वाजले की ते विचारायचे, "बोला, ह्या आठवड्यात कुनी काय घान केली?" मग एकेकानं उभं राहून आपली चूक सांगायची. पासवर्ड चिकटवून ठेवला, बॅकअप घेतला पण तो उघडतो का ते बघितलंच नाही, चुकीची वायर उपटली, असलं काहीबाही. खालच्या टपरीवरून चहा यायचा, आणि ज्याची चूक सर्वांत मोठी त्याला पहिला कप मिळायचा. पहिल्या महिन्यात कुणी तोंड उघडेना. दुसऱ्या महिन्यापासून लोक पहिल्या कपासाठी भांडायला लागले. दवाखान्यातल्या त्या माणसानं तर एकदा खोटीच चूक रचून सांगितली. सरांनी चार प्रश्न विचारून त्याला पकडलं आणि खोटं बोलण्याच्या चुकीबद्दल पहिला कप त्यालाच दिला.

सर स्वतः मात्र कधी चूक सांगायचे नाहीत. एकदा पतसंस्थेतल्यानं धीर करून विचारलं, "सर, तुमची एखादी?" सर म्हणाले, "माजा चहा नेहमी शेवटचा असतो, व्हय की न्हाय?" आणि विषय बदलला. आम्ही समजलो, मोठी माणसं चुकत नसतील.

शिकवणं मात्र असं, की डोक्यात गेलेलं बाहेर पडू नये. फायरवॉल म्हणजे सर्व्हरच्या दारातला राखणदार, हे आम्हाला पुस्तकातून माहीत होतं. सरांनी सांगितलं, त्या राखणदाराच्या हातात एक यादी असते. तो ती वरून खाली वाचतो, आणि आलेल्या माणसाला लागू पडणारी पहिली ओळ दिसली की पुढं वाचत नाही. पॅकिंगचे संगणक, येऊ दे. ऑफिसचे, येऊ दे. आणि सगळ्यांत शेवटी एकच ओळ, बाकी कुणीही असो, बेडा. बेडा म्हणजे कन्नडमध्ये नको. इंग्रजी पुस्तकात त्या ओळीला चार शब्दांचं नाव आहे, पण आमच्या वर्गातून बाहेर पडलेला माणूस आजही तिला बेडाच म्हणतो. "बेडा कुटं लिवायचा?" सर विचारायचे. आम्ही शाळेतल्यासारखं एका सुरात म्हणायचो, "शेवटी."

आणखी त्यांचं एक वेड होतं ते वायर धरून चालण्याचं. कागदावरच्या नकाशावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "वायर हातात धरा आनि तिचं दुसरं टोक सापडंपर्यंत थांबू नका," हा गृहपाठ. मी आमच्या कारखान्यात एक निळी वायर धरून निघाले. मागांच्या शेडमधून, बाथरूमच्या मागून, एका अडगळीच्या खोलीत. मागावरचे कामगार हातातलं काम सोडून बघायला लागले, मॅडमला काय झालं म्हणून. त्या खोलीत टॉवेलच्या तंतूंच्या ढिगाखाली आधीच्या माणसाचा एक जुना संगणक सापडला, अजून चालू, अजून सर्व्हरला जोडलेला, पासवर्डसुद्धा न लागणारा. त्या रविवारी सरांना झालेला आनंद मला सांगता येणार नाही. त्यांनी मला सगळ्यांसमोर ती गोष्ट दोनदा सांगायला लावली. बारा वर्षांच्या नोकरीत माझ्या कामाबद्दल कुणी दोनदा ऐकून घेतल्याचं मला आठवत नाही.

मोठा बदल करताना त्यांचे दोन नियम होते. एक, बदल एकट्यानं करायचा नाही, शेजारी दुसरं माणूस पाहिजे. दोन, आधी परतीची वाट बांधायची. म्हणजे नवे नियम लावण्याआधी मशीनला सांगून ठेवायचं, की दहा मिनिटांत मी 'ठीक आहे' म्हटलं नाही तर जुने नियम आपोआप परत लाव. दूर बसून काम करताना स्वतःच्याच हातानं दार बंद झालं तरी दहा मिनिटांत ते आपोआप उघडतं. आम्ही या दोन्ही नियमांना मान डोलवायचो. मान डोलवायला काय लागतं?

माझ्या मुदतीतला पाचवा महिना होता. तोवर मला चांगलीच शिंगं फुटली होती. पुण्याच्या कंपनीचा माणूस पुढच्या आठवड्यात सर्व्हर बघायला येणार होता, आणि त्याला दाखवण्यासाठी मी फायरवॉलची यादी नव्यानं लिहायला घेतली. सकाळचे अकरा. शेजारी कुणी नाही, कारण कशाला पाहिजे. परतीची वाट बांधली नाही, कारण पाच मिनिटांचं तर काम. सगळ्या ओळी नीट लिहिल्या आणि बेडा घातला. शेवटी घालायच्या ऐवजी तो सगळ्यांच्या वर घातला. एंटर मारलं आणि माझ्या स्क्रीनवरचा कर्सर जागच्या जागी थांबला.

राखणदारानं पहिलीच ओळ वाचली होती आणि सगळ्या जगाला नको म्हटलं होतं, मलासुद्धा. पॅकिंगमध्ये लेबलं निघायची थांबली. गेटवर कंटेनर उभा होता, तो चारच्या आत निघायला हवा होता. चाळीसेक बायका टॉवेलांच्या घड्या समोर घेऊन बसून राहिल्या. मी किल्ली घेतली आणि शेडमागच्या केबिनकडं धावले, जिथं सर्व्हर प्रत्यक्ष ठेवलेला असतो. तिथं मशीनपुढं बसून बेडा खाली नेला. घाईत एक ओळ तीनदा लिहावी लागली. पाऊण तासात सगळं सुरू झालं.

केबिनमधून बाहेर आले तर पॅकिंगच्या दारात मालक उभे आणि समोर आमचे इलेक्ट्रिशियन मामा. साठीचे, कारखाना निघाला तेव्हापासूनचे. त्यांनी सकाळी केबिनबाहेरच्या बोर्डावर काम केलं होतं.

"मामा, तितं हात घातला तुमी आनि तवापास्नं सगळं बंद पडलं," मालक म्हणत होते.

"मालक, मी फकस्त पंख्याची वायर बघितली. दुसऱ्या कशाला हात न्हाय लावला."

"गेल्या महिन्यात पण असंच म्हनलासा. आता वय झालं तुमचं. उद्यापास्नं नका येऊ, घरी बसा."

मामांनी खिशातला टेस्टर काढला, बघितला आणि परत खिशात ठेवला. चाळीस बायका बघत होत्या. मीही बघत होते, आणि माझं तोंड उघडलं नाही, हे मला लिहायलाच हवं.

मी परत केबिनमागं गेले आणि सरांना फोन लावला.

"सर, बेडा वर लिहिला मी. सगळं बंद पडलं होतं."

"वाट बांधलीती का परतीची?"

"न्हाय."

"हं. मशीनपाशी गेलासा का?"

"गेले की. दुरुस्त केलं. सगळं चालू आहे."

"मग फोन कशाला केलासा?"

मग मी मामांचं सांगितलं, पुण्याच्या माणसाचं सांगितलं, माझ्या मुदतीचं सांगितलं. सर ऐकत राहिले. सर्व्हर स्वतःची डायरी लिहीत असतो, कुणी किती वाजता काय केलं त्याची. तिला लॉग म्हणतात. त्या लॉगमध्ये अकरा वाजून दहा मिनिटांवर माझ्या नावाची ओळ होती, आणि चोर असली ओळ कशी पुसतो ते सरांनीच आम्हाला दोन रविवार खर्च करून शिकवलं होतं, चोर ओळखता यावा म्हणून.

"ती ओळ पुसायला किती वेळ लागंल?" सरांनी विचारलं.

"एक मिनिट."

"मग पुसा की. मी कुनाला सांगनार न्हाय. फकस्त त्याच्यानंतर मालकाला येवढं सांगा, सर्व्हर राखायला दुसरं मानूस बघा म्हनून. तुमच्यापास्नं राखायला." आणि त्यांनी फोन ठेवला.

मी सरांना मनातल्या मनात दोन शिव्या दिल्या, त्यातली एक कन्नड. त्यांचं काय जातंय, निवृत्त माणूस, गिरणीवर बसून पिठात रेघा ओढतोय. रागारागानं मी लॉग उघडला. ती ओळ समोर होती. मी ती छापली आणि कागद घेऊन पॅकिंगमध्ये गेले. ऑफिसात जाऊन एकटीनं सांगायचं माझ्या मनात आलं होतं, पण मामांना सगळ्यांसमोर बोलणी बसली होती.

"मालक, मामांनी काही केलेलं नाही. माझ्या हातनं झालं. हे बघा, वेळ आणि माझं नाव."

मालकांनी कागद घेतला. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण वेळ आणि नाव कळत होतं. मग म्हणाले, "हे तुमाला पुसता आलं असतं का?"

"आलं असतं."

"मला कळलं असतं?"

"न्हाय."

त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली. "जावा, काम बघा," मला म्हणाले. मग मामांकडं न बघता, "मामा, त्या पंख्याचं काय झालं? उद्या सकाळी पयलं ते बघा." आमच्या मालकांच्या तोंडून माफीचे शब्द कधी निघाले नाहीत, त्या दिवशीही निघाले नाहीत. पण मामांना कळलं आणि आम्हाला सगळ्यांना कळलं. मामांनी टेस्टर काढला आणि तसेच पंख्याकडं गेले, उद्याची वाट न बघता. माझं काय ते मात्र मालक बोलले नाहीत.

पुढच्या आठवड्यात पुण्याचा माणूस आला. गुळगुळीत बोलणारा, हातात टॅब. त्यानं लॉग बघितला, अकरा दहाची ओळ शोधली आणि मालकांना दाखवली, अगदी खेदानं. मालक म्हणाले, "ठाऊक हाय की. आमच्या मॅडमची चूक हाय ती, त्यांनीच छापून आनून दिली. तुमच्या कंपनीनं ह्या वर्षी केलेल्या चुकांची यादी असंल तर दावा, बघू." त्याला वाटलं मालक थट्टा करतायत. तो हसला. मालक हसले नाहीत. काम पुण्याला गेलं नाही, आणि महिनाभरानं माझ्या टेबलावर कायम झाल्याचं पत्र आलं. मी ते घरी नेऊन सासूला वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "म्हंजे आता रविवारी तरी घरी असशील?" नाही, म्हटलं. आता त्या वर्गातला फायरवॉलचा भाग मीच शिकवते, आणि बेडा वर लिहिला तर काय होतं ते अनुभवानं सांगते.

पण मला सांगायचंय ते त्या प्रसंगानंतरच्या रविवारचं. मी वर्गात उभी राहिले आणि सगळं सांगितलं. बेडा, मामा, आणि तोंड न उघडता उभी राहिले होते तेसुद्धा. पहिला कप माझ्यापुढं आला तो पतसंस्थेतल्यानं दिला, कारण सर उठून गॅलरीत गेले होते. ते पाठमोरे उभे होते आणि बराच वेळ आत आले नाहीत. आम्हाला वाटलं माझ्यावर रागावले. दोन वाजता सगळे निघाल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"अक्का, येत्या रविवारी वर्ग न्हाय. मला वेळापूरला जायचंय. तुमी येता?"

"कशाला, सर?"

"मोठा बदल करायचा हाय. एकट्यानं करायचा नसतो. एकटा गेलो तर अर्ध्यातनं माघारी यीन."

पंढरपूरला एसटी बदलली. दुसऱ्या गाडीत बसल्यावर, खिडकीबाहेर बघत, त्यांनी सांगितलं. तरुणपणी एका तालुक्याच्या गावी टेलिफोन एक्स्चेंजात होते. जोडीला त्यांच्याच वयाचा मित्र. एकाच खोलीत राहायचे, एका ताटात जेवायचे. एक दिवस सरांनी बॅटऱ्यांची साफसफाई करायला चार्जर बंद केला आणि परत चालू करायचा विसरले. बॅटऱ्या उतरल्या आणि गावातले सगळे फोन दिवसभर मेले. चौकशी होणार म्हटल्यावर सरांनी रजिस्टर काढलं. साफसफाईची वेळ त्यांच्या पाळीची होती. त्यांनी पान फाडलं, नवीन लिहिलं, आणि वेळ मित्राच्या पाळीची घातली.

"त्याच्या नावावर निष्काळजी म्हनून शेरा बसला. वेळापूरला बदली झाली. मी त्याला गाडीवर बसवायला गेलतो, अक्का. त्याची वळकटी मी उचललीती."

तीस वर्षांहून जास्त झाली होती त्याला. इतके रविवार आमच्या चुका ऐकून घेणारा माणूस माझ्या शेजारी बसला होता. मला त्यांचा राग आला, आणि वाईट वाटलं. दोन्ही एकाच वेळी.

त्या मित्राचं घर वेळापूरच्या देवळाच्या मागच्या रस्त्यानं पुढं, मळ्यात. बदली होऊन आले ते इथंच राहिले, इथलीच बायको केली, निवृत्तीनंतर दोन एकर डाळिंब लावलं. आम्ही पोचलो तेव्हा ते दारातल्या पंपाच्या पेटीशी उभे होते. पंप बंद केला, झाकण लावलं, दोन पावलं आले, परत गेले, झाकण उघडून बघितलं. पुन्हा दोन पावलं आले आणि पुन्हा परत गेले. सरांना ओळखायला त्यांना क्षणभर लागला. मग त्यांनी मिठीच मारली.

पाणी आणून देताना त्यांच्या बायको हसत मला म्हणाल्या, "बघितलं न्हवं? रोज आसंच. कुलूप तीनदा, ग्यास तीनदा, पंपाचं बटन तीनदा. लगीन झालं तवापास्नं बघतिया मी. म्हनत्यात, माजा भरवसा न्हाय, मी इसरतो. एवढ्या वर्सांत एकदा पन इसरल्यालं न्हाईत."

सरांनी हातातला तांब्या खाली ठेवला आणि ते उभे राहिले. बसून सांगितलंच नाही त्यांनी. उभ्यानं, वर्गात उभे राहतात तसे, पण हात बांधून.

मित्रानं सगळं ऐकलं. मग विचारलं, "चार्जर मी बंद केला न्हवता?"

"न्हाय."

"पर साफसफाई माज्या पाळीत..."

"माज्या पाळीत झाली. मीच केली, मीच इसरलो. पान मी फाडलं."

"नक्की?"

"नक्की."

ते उठले आणि डाळिंबाच्या ओळींमध्ये चालत गेले. तासभर आले नाहीत. मधेच लाइट जाऊन आली, तेव्हा त्यांच्या बायकोनी पेटीशी जाऊन पंप चालू केला. सर उभेच होते. मी बसा म्हटलं तर ऐकल्यासारखंही केलं नाही त्यांनी. मग त्या चुलीपाशी गेल्या आणि भाकरी थापायला लागल्या. निघून जावं असं माझ्या मनात आलं, पण सर्व्हरपुढून उठून जाता येत नाही अशी एखादी वेळ असते, तशी ती होती.

ते परत आले तेव्हा पाय चिखलानं भरले होते. सरांच्या समोर उभे राहिले. "त्या दिवसापास्नं माज्या हातावर माजा भरवसा उडाला," ते म्हणाले. "चार्जर बंद केल्याचं मला आठवत न्हवतं. मला वाटायचं, आपन करतो आनि आपल्याला आठवत न्हाय. डोक्यातच कायतरी बिघाड हाय म्हनून पोरांना कडंवर घ्यायला भ्यायचो मी."

सरांनी मान खाली घातली.

"माफ केलं आसं म्हनत न्हाय मी. ते बघू म्होरं. तू परत ये, मंग बघू." आणि थोड्या वेळानं, "उभा का हायस? बस की. जेवून घे."

जेवताना फारसं बोलणं झालं नाही, पण जेवण झालं. मधे एकदा त्यांनी सरांच्या ताटात न विचारता आणखी आमटी वाढली आणि सरांनी ती खाली मान घालून खाल्ली. साडेतीनची गाडी गाठायची होती म्हणून आम्ही निघालो. ते स्टँडपर्यंत पोचवायला येतो म्हणाले. चपला घातल्या, जाता जाता पेटीशी थांबून पंपाचं बटन बंद केलं, झाकण लावलं आणि आमच्याबरोबर चालायला लागले.

आम्ही बांधापर्यंत पोचलो तरी त्यांच्या बायको दारातच उभ्या होत्या, तो नेहमीचा दुसरा फेरा व्हायची वाट बघत. शेवटी त्यांनीच हाक मारली, "आवं, बटन बघितलं का?"

ते थांबले नाहीत, वळलेही नाहीत.

"बंद केलंय मी," ते म्हणाले.